बर्फावरचा संसार



रात्रीची जेवणे उरकली, भांडी पालथी पडली, की घरात टीव्ही लागतो. कोणाला मालिका हवी असते, कोणाला बातम्या, कोणाला क्रिकेट. थोडी कुरबूर होते. पण मधेच कुठे बर्फावरून डुलत डुलत चाललेली पेंग्विनची रांग दिसली, की बटण दाबणारा हात थांबतो. आजी पुढे सरकून बसते, पोरे गप्प होतात, गोठ्याकडे निघालेला घरधनी दारातच उभा राहून पाहू लागतो. आता तर हेच चित्रपट मोबाइलवरही दिसतात.

आपण बर्फ पाहिला तो रसवंतीवर, नाही तर जत्रेतल्या गोळेवाल्याच्या गाडीवर. पारा खाली उतरला की आपल्याकडे द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात. मग उणे चाळीस अंशांत राहणाऱ्या ह्या प्राण्यांचे आपल्याला एवढे वेड का असावे?

कोणी म्हणेल, नवलाई. कोणी म्हणेल, भर वैशाखात बर्फ नुसता पाहिला तरी डोळ्यांना गारवा मिळतो. लहानथोरांनी एकत्र बसून पाहावा असा तो कार्यक्रम असतो, हेही खरे. पण माझ्या मते मुख्य कारण वेगळे आहे. हे चित्रपट ज्या कामाविषयी असतात ते काम आपल्या ओळखीचे आहे. वाईट हंगाम अंगावर घेऊन लेकरू जगवायचे, एवढीच त्यांची कथा. शेतकऱ्याला ती समजावून सांगावी लागत नाही. म्हणूनच हे चित्रपट आपण निव्वळ करमणूक म्हणून न पाहता, बाजारात जनावर पारखतो तशा नजरेने पाहावेत. त्यात आनंदही जास्त आहे आणि फायदाही.

दोन टोके, दोन मुलूख

प्रथम एक घोटाळा दूर करू. मुलांच्या चित्रांत पांढरे अस्वल आणि पेंग्विन शेजारी शेजारी काढलेले असतात. प्रत्यक्षात ह्या दोघांची गाठ कधीच पडत नाही. पांढरे अस्वल उत्तर ध्रुवाकडचे, तर बर्फातले पेंग्विन दक्षिण ध्रुवाकडचे.

दोन्हीकडे बर्फ असला तरी जमीन वेगळी आहे. उत्तरेला मधोमध समुद्र आहे. तो गोठतो आणि त्याच्या भोवती कॅनडा, रशिया, नॉर्वे, ग्रीनलंड असे मुलूख आहेत. दक्षिणेला उलटे आहे. मधोमध अंटार्क्टिका हे खंड आणि भोवती समुद्र. ऋतूही उलटे. आपण मे-जूनमध्ये पेरणीची तयारी करतो तेव्हा अंटार्क्टिकात कडक हिवाळा सुरू झालेला असतो.

आणखी एक. मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ साली पेंग्विन आणले आणि २०१७ पासून लोकांची तिथे रीघ लागली. तुमच्यापैकी पुष्कळांनी ते पाहिले असतील. पण ते हम्बोल्ट जातीचे, दक्षिण अमेरिकेतल्या पेरू आणि चिली देशांच्या किनाऱ्यावरचे आहेत. त्यांना बर्फाचा मुलूख माहीत नाही. टीव्हीवर दिसतो तो उंचापुरा, मानेजवळ पिवळी झाक असलेला सम्राट पेंग्विन निराळा.

बाप अंड्यावर बसतो तेव्हा

ह्या सम्राट पेंग्विनवर ल्युक जाके या फ्रेंच दिग्दर्शकाने २००५ साली ‘मार्च ऑफ द पेंग्विन्स’ हा चित्रपट काढला. २००६ मध्ये त्याला उत्कृष्ट माहितीपटाचे ऑस्कर मिळाले. भारतात तो लागला तेव्हा निवेदन अमिताभ बच्चन यांच्या आवाजात होते. त्यात मारामारी नाही, नाच-गाणे नाही. पक्षी चालतात, उभे राहतात, वाट पाहतात. तरीही जगभर लोकांनी तो डोळे पुसत पाहिला. असे काय आहे त्यात?

आपली खुडूक कोंबडी आठवा. ती एकवीस दिवस अंड्यांवर बसते, पण रोज एकदा उठून दाणा-पाणी घेते. सम्राट पेंग्विनची मादी मे-जूनमध्ये एकच अंडे घालते, ते नराच्या पायांवर सोपवते आणि खाणे मिळवण्यासाठी समुद्राकडे निघून जाते. घरटे नाही, गवताची काडी नाही. नर ते अंडे पावलांवर धरून पोटाखालच्या कातडीच्या घडीने झाकतो आणि सुमारे पासष्ट दिवस तसाच राहतो. विणीच्या जागी आल्यापासून मोजले तर त्याचा उपवास चार महिन्यांच्या आसपास जातो. वजन जवळजवळ निम्म्याने उतरते. अंडे थोडा वेळ जरी बर्फावर पडले तरी आतला जीव गोठून मरतो.

वारा सुटला की हे हजारो नर एकमेकांना चिकटून उभे राहतात. पावसाळी गारठ्यात मेंढरे अंग मिटून दाटी करतात ना, तसेच. पण नीट पाहा. हा जमाव स्थिर नसतो. अर्ध्या-एक मिनिटाने प्रत्येक जण बोटभर पाऊल सरकवतो आणि ती हालचाल साऱ्या जमावातून लाटेसारखी जाते. वाऱ्याच्या तोंडी असलेले पक्षी कडेकडेने सरकत आडोशाला येतात. गर्दीच्या आत ऊब इतकी वाढते की ती आपल्या अंगाच्या उष्णतेपर्यंत पोचू शकते. कोणी मुकादम नाही, कोणी पाळ्या लावून दिलेल्या नाहीत, तरी सगळे निभावून नेतात.

पिल्लू बाहेर आले आणि आई अजून परतली नसेल, तर उपाशी बाप आपल्या अन्ननलिकेत तयार होणारा दुधासारखा रस त्याला भरवतो. मग आई येते. हजारोंच्या गर्दीत ती नवऱ्याला आवाजावरून ओळखते. हजार मेंढ्यांच्या वाड्यात कोकरू आपली आई बरोबर शोधते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ह्याचे आश्चर्य कमी आणि कौतुक जास्त वाटेल.

मात्र इथे एक खबरदारी घ्यावी. अशा चित्रपटांत निवेदक ‘प्रेम’, ‘विरह’, ‘त्याग’ असे शब्द वापरतो. ऐकायला ते गोड लागतात. पण हे जोडपे साधारणपणे एका हंगामापुरते असते. पुढच्या वर्षी बहुतेक सम्राट पेंग्विन दुसरा जोडीदार निवडतात. म्हणून त्यांना नावे ठेवू नयेत आणि देव्हाऱ्यातही बसवू नये. पक्षी पक्ष्याच्या रीतीने वागतो. आपण बैलाला लेकरासारखे जपतो, पण बैल हा बैल आहे हे विसरत नाही. तीच समज इथे ठेवावी.

दुधाचा हिशेब

आता उत्तरेकडे जाऊ. पांढऱ्या अस्वलाची मादी बर्फात बीळ करून हिवाळ्यात विते. बहुधा दोन पिल्ले होतात. एवढ्या धिप्पाड जनावराचे पिल्लू जन्मतः केवळ अर्ध्या-पाऊण किलोचे असते. आई बिळात काही खात नाही, तरी पिल्लांना पाजत राहते. कॅनडातल्या हडसन उपसागराकडे तर गाभण मादीचा उपवास आठ महिन्यांपर्यंत जातो. अंगावरची चरबी हीच तिची कडब्याची गंज. ती उन्हाळ्यापूर्वी पुरेशी रचली नसेल, तर पिल्ले जगत नाहीत.

डेअरीवर फॅट लावून दूध घालणाऱ्यांनी पुढचे आकडे वाचावेत. आपल्या म्हशीच्या दुधाला सहा ते आठ फॅट लागते. पांढऱ्या अस्वलीच्या दुधात सुमारे तीस टक्के स्निग्धांश असतो. उत्तर अटलांटिकमधल्या हुडेड सील नावाच्या प्राण्याने तर कमाल केली आहे. तिच्या दुधात साठ टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो. ती पिल्लाला फक्त चार दिवस पाजते आणि तेवढ्यात त्याचे वजन दुप्पट होते. कारण ती तरंगत्या बर्फाच्या लादीवर विते. लादी कधी फुटेल याचा नेम नाही. चार दिवसांत पिल्लाच्या अंगावर चरबी चढली पाहिजे, मग आई निघून जाते.

मुलांना हा हिशेब जरूर सांगा. निसर्गात दूध कमी-जास्त ‘चांगले’ नसते. जसा मुलूख तसे दूध, हे त्यातून कळते.

बाजू कोणाची घ्यायची?

ह्या चित्रपटांची एक युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. पहिल्यांदा अस्वली आणि तिची दोन भुकेली पिल्ले दाखवली, की आपण मनातल्या मनात म्हणतो, मिळू दे बिचारीला सील. पहिल्यांदा सीलचे पांढरे, मऊ, काळ्या डोळ्यांचे पिल्लू दाखवले, की तेच आपण म्हणतो, पळ रे बाबा, अस्वल आले. शिकार तीच, बर्फ तोच. कथा कोणाच्या दारातून सुरू झाली त्यावर आपली माया ठरते.

आपल्याला हा प्रश्न नवा नाही. जुन्नरकडच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याची पिल्ले सापडतात तेव्हा शहरातला माणूस फोटो पाहून हरखतो. ज्याची शेळी गेली, ज्याच्या अंगणातल्या पोराला जीव मुठीत धरून वावरावे लागते, त्याला ते फोटो तसे दिसत नाहीत. दुरून डोंगर साजरे.

पांढऱ्या अस्वलाच्या मुलखातही माणसे राहतात, हे चित्रपटांत पुष्कळदा राहून जाते. कॅनडात हडसन उपसागराच्या काठी चर्चिल नावाचे छोटे गाव आहे. समुद्र गोठण्याची वाट पाहत अस्वले गावाजवळून फिरतात. तिथले लोक मोटारीचे दार कुलूप न लावता ठेवतात. कोणावर प्रसंग आला तर त्याला चटकन आत शिरता यावे म्हणून. गावात घुसलेली अस्वले पकडून ठेवण्यासाठी एक कोठडीही आहे. काही दिवसांनी त्यांना दूर नेऊन सोडतात. ती माणसे अस्वलाचा द्वेष करत नाहीत आणि त्याला खेळणेही समजत नाहीत. जनावराबरोबर राहणाऱ्याची माया अशीच सावध असते. बिबट्याच्या बाबतीतही रागाच्या भरात विषप्रयोग करणे किंवा फोटोसाठी पिल्लांजवळ जाणे, ही दोन्ही टोके आपण टाळली पाहिजेत.

पडद्यामागे

अशा चित्रपटांचा शौक जुना आहे. हर्बर्ट पाँटिंग नावाचा इंग्रज छायाचित्रकार कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेबरोबर १९१० साली अंटार्क्टिकाला निघाला. त्याने सील आणि पेंग्विन कॅमेऱ्यात टिपले. त्यातून १९२४ मध्ये ‘द ग्रेट व्हाइट सायलेन्स’ हा मूकपट तयार झाला.

पण पडद्यावर दिसते ते सगळे जसेच्या तसे असते असे नाही. १९५८ साली डिस्ने कंपनीने ‘व्हाइट विल्डरनेस’ हा चित्रपट काढला. लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी झुंडीने कड्यावरून उड्या टाकून जीव देतात, असे त्यात दाखवले. त्या चित्रपटालाही ऑस्कर मिळाले. पुढे १९८२ मध्ये कॅनडातल्या दूरचित्रवाणीने सत्य उजेडात आणले. ते प्राणी विकत आणून, लेमिंग आढळतच नाहीत अशा जागी सोडले होते आणि त्यांना कड्यावरून ढकलले होते. लेमिंग आत्महत्या करत नाहीत. पण ती खोटी समजूत अजून जगभर टिकून आहे.

दुसरे उदाहरण एवढे वाईट नाही. बीबीसीची ‘फ्रोझन प्लॅनेट’ ही मालिका २०११ साली आली. त्यात बिळातल्या अस्वलीची नवजात पिल्ले दाखवली होती. तो भाग हॉलंडमधल्या एका प्राणिबागेत चित्रित केलेला होता. पाहणाऱ्याला मात्र ते उत्तर ध्रुवावरचेच वाटत होते. त्यावर इंग्लंडात बराच गवगवा झाला. बनवणाऱ्यांचे म्हणणे असे की, रानातल्या बिळात कॅमेरा घातला तर आई बिथरून पिल्लांचे बरेवाईट करील. नुकत्याच व्यालेल्या मांजरीच्या पिल्लांना हात लावला की ती त्यांना उचलून दुसरीकडे नेते, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणणे पटण्यासारखे होते. तरी हे तिथल्या तिथे सांगायला हवे होते, असेच मी म्हणेन. बियाण्याच्या पिशवीवर आत काय आहे ते लिहिलेले असावे लागते, तसेच हे.

आवाजाचेही तेच. दूरच्या अस्वलाच्या पावलांचा आवाज कॅमेऱ्यापर्यंत येत नाही. तो नंतर खोलीत बसून तयार करतात. पिशवीत मक्याचे स्टार्च भरून दाबले की बर्फ तुडवल्यासारखा करकर आवाज निघतो. आपला मका कुठे कुठे कामाला येतो पाहा!

एक प्रसंग मात्र मनात राहण्यासारखा आहे. बीबीसीच्या २०१८ च्या ‘डायनॅस्टीज’ मालिकेसाठी एक चमू जवळजवळ वर्षभर अंटार्क्टिकात राहिला. वादळात काही पेंग्विन पिल्लांसह एका खोल घळीत अडकले. वर चढता येईना. अशा कामात दंडक असा की, निसर्गात हात घालायचा नाही. जे होते ते टिपायचे. ह्या लोकांनी विचार केला आणि फावडी घेऊन बर्फात उतरंडीची वाट खोदून दिली. पक्ष्यांना हात लावला नाही. काही पेंग्विन त्या वाटेने आपल्या पायांनी वर आले. त्यांनी दंडक मोडला की धर्म पाळला, यावर घरात जरूर चर्चा करा. विहिरीत पडलेले जनावर दिसले तर दोर न सोडणारा शेतकरी मला अजून भेटायचा आहे. पण सीलच्या मागे लागलेल्या अस्वलाला हुसकावणे हे त्यात बसत नाही. ते केले तर एकाला वाचवताना दुसऱ्याच्या तोंडचा घास काढला जातो. हा फरक मुलांना समजला पाहिजे.

त्यांचाही हंगाम बिघडतो आहे

मोबाइलवर एक हाडाडलेले, पाय ओढत चाललेले अस्वल तुम्ही कदाचित पाहिले असेल. २०१७ मध्ये ते दृश्य जगभर फिरले. त्याखाली हवामानबदल असाच दिसतो अशा अर्थाचा मजकूर होता. २०१८ मध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने कबूल केले की आपण फार पुढे जाऊन बोललो. ते एक अस्वल आजाराने, जखमेने की भुकेने खंगले, हे कोणी तपासले नव्हते. शितावरून भाताची परीक्षा भांड्यापुरती ठीक. साऱ्या मुलखाची परीक्षा एका जनावरावरून होत नाही.

म्हणून मोजलेले आकडे पाहावेत. उत्तर ध्रुवाच्या समुद्रावर उन्हाळ्याअखेर किती बर्फ उरतो हे १९७९ पासून उपग्रहांवरून मोजतात. सुरुवातीच्या वर्षांत तो सुमारे सत्तर लाख चौरस किलोमीटर असे. २०१२ मध्ये तो चौतीस लाखांच्या आसपास आला. हडसन उपसागराच्या पश्चिमेकडची अस्वले १९८० च्या दशकात सुमारे १,२०० होती. २०२१ च्या गणतीत ती सुमारे ६२० भरली. बर्फ उशिरा गोठतो, लवकर वितळतो, म्हणून सील धरायला कमी दिवस मिळतात. चराईचे दिवस घटले की कळप घटतो.

दक्षिणेतही तेच. २०२२ साली बेलिंग्सहाउझेन समुद्रात सम्राट पेंग्विनच्या पाच वसाहतींपैकी चार वसाहतींखालचा बर्फ पिल्लांच्या अंगावर पाणी न शिरणारी पिसे येण्याआधीच फुटला. त्या वसाहतींत एकही पिल्लू वाचले नसावे, असे उपग्रहाच्या चित्रांवरून शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये सांगितले. काढणीला आलेल्या द्राक्षावर गारपीट झाल्यावर जे वाटते, तेच इथे आठवते. वर्षभराचे कष्ट एका आठवड्यात गेले.

हे पाळीव जनावरांनाही चुकलेले नाही. सायबेरियातल्या यमाल भागात नेनेत्स लोक रेनडियरचे कळप पाळतात. नोव्हेंबर २०१३ मध्ये तिथे बर्फावर अवकाळी पाऊस पडला आणि लगेच गोठला. खालचा चारा काचेसारख्या थराखाली बंद झाला. त्या हिवाळ्यात सुमारे ६१,००० रेनडियर उपासमारीने मेले. अवकाळी पावसाने कडबा काळा पडलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या पशुपालकांचे दुःख कळेल.

आणि हा मुलूख आपल्या देशालाही अगदी परका नाही. भारताची पहिली मोहीम १९८१-८२ मध्ये अंटार्क्टिकाला गेली. आज तिथे ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही आपली दोन केंद्रे आहेत आणि हे सारे काम गोव्यातल्या वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालते. विज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी हे नाव लक्षात ठेवावे.

पाहावे कसे

थोडक्यात चार गोष्टी सांगतो.

एक, मुलांबरोबर बसून पाहा आणि हे उत्तरेकडचे की दक्षिणेकडचे, एवढे पहिल्यांदा विचारा. घरात पृथ्वीचा गोल नसेल तर नारळ चालेल.

दोन, निवेदकाचा आवाज थोडा वेळ बंद करा. नुसते जनावर पाहा. कान, पाय, चाल, अंगावरची चरबी. गोठ्यात जे पाहता तेच पाहा. पुष्कळदा निवेदक सांगत नाही ते तुम्हाला दिसेल.

तीन, शेवटी नावांची पाटी येते तेव्हा उठू नका. चित्रण कसे केले ते अनेक मालिकांत शेवटी दाखवतात. माणसांचे कष्ट तिथे कळतात.

चार, सीलची बाजू आणि अस्वलाची बाजू, दोन्ही मुलांकडून बोलवून घ्या. दोन्ही बाजू मांडता येणारे मूल पुढे भावकीच्या बांधावरही शहाणपणाने वागेल.

आपल्या दारात कोंबडी अंड्यांवर बसते, शेळी विते, मेंढरे पावसात दाटी करतात. रोजचे म्हणून त्याकडे आपले लक्ष जात नाही. हजारो कोसांवरच्या बर्फातले चित्र पाहून सकाळी गोठ्यात गेल्यावर आपल्या गाभण गाईकडे जरा अधिक निरखून पाहावेसे वाटले, तिच्या अंगाखाली कोरडे पाचट पसरले आणि वाऱ्याच्या बाजूला पोत्याचा पडदा लावला, तर आदल्या रात्रीचा तो तास वाया गेला असे कोणी म्हणणार नाही.